अंगणात शाळा मांडणाऱ्या अनुताई

अंगणवाडी हा शब्द आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? घरात लहान मूल आले की तो शब्द आपोआप आपल्या तोंडी येतो. बाळाचे वजन करायचे, अंगणवाडीत. लस टोचून घ्यायची, अंगणवाडीत. मूल तीन वर्षांचे झाले की बोट धरून नेऊन सोडायचे, तेही अंगणवाडीतच. माझी दोन्ही मुले तेथूनच पुढे शाळेत गेली. परंतु हा शब्द कोठे जन्मला, कोणत्या अडचणीतून जन्मला आणि त्यामागे कोणाचे कष्ट होते, हे फार थोड्या जणींना माहीत असते. मलाही ते मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके वाचू लागल्यावरच कळले.

यंदाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र यावे असे बैठकीत ठरले, तेव्हा ते काम मी मागून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणाल तर भिशीची वही आणि सभेचा वृत्तांत, एवढीच. तरीही धीर केला. कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्या कै. अनुताई वाघ यांची सुरुवातही सातवीपासूनच झाली होती. पुढे त्यांनी काय केले ते भगिनींनी वाचावे आणि शेवटी मी जे सुचवणार आहे त्याचा विचार करावा, एवढीच विनंती.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. आपण मोरगावला जातो ते मयूरेश्वराच्या दर्शनाला. त्या गावात ही लेक जन्मली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि सहा महिने होतात न होतात तोच तिच्या कपाळीचे कुंकू गेले. संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच तो मोडला. त्या काळी बालविधवेचे पुढे काय होई, हे आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कोपऱ्यातला पाट, उरलेसुरले जेवण आणि घरातल्या सगळ्यांची न संपणारी कामे. शुभकार्यात तिने समोर यायचे नाही. एवढ्याशा पोरीचे सगळे आयुष्य असे एका खोलीत संपायचे.

अनुताईंचे तसे झाले नाही, कारण त्यांचे शिक्षण थांबले नाही. 1925 साली त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा म्हणजे मराठी सातवी. त्या वेळी सातवीला फार मान असे. सातवी झालेल्या माणसाला गावच्या शाळेत मास्तर होता येई. पुढे पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून त्यांनी 1929 साली शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले आणि त्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात खेड्यातल्या शाळेवर रुजू झाल्या. एकोणीस वर्षांची विधवा मुलगी, एकटी, परक्या गावात नोकरी करते, ही गोष्ट आजही सोपी नाही. मग 1929 साली ती किती अवघड असेल, ते प्रत्येकीने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

खेड्यात चार वर्षे काढल्यावर 1933 साली त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. नामांकित शाळा, शहरातली वस्ती, महिन्याच्या महिन्याला पगार. तेथे त्या बारा वर्षे होत्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री आपण स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. शिकायचे वय निघून गेले असे आपण बायका सर्रास म्हणतो. अनुताईंनी ते शब्द आपल्या घरात येऊ दिले नाहीत. पुढे 1961 साली त्या बी. ए. झाल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पदवीवाचून त्यांचे काही अडले नव्हते. तोवर त्यांच्या हाताखाली कितीतरी शिक्षिका तयार झाल्या होत्या. तरीही त्या परीक्षेला बसल्या. शिकणे त्यांना आवडत होते म्हणून.

आता त्यांच्या आयुष्याला वळण कसे लागले ते सांगते. 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधी आगाखान महालात स्थानबद्ध असतानाच वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमवण्यात आला आणि तो खेड्यातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी वापरावा असे ठरले. त्या कामासाठी खेड्यात जाऊन राहणाऱ्या सेविका हव्या होत्या. त्यांना तयार करण्यासाठी बोरिवली येथे शिबिर भरले. अनुताई त्या शिबिरात गेल्या आणि तेथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून अनुताईंची गोष्ट पुरी होणार नाही. ताराबाई मुंबईत वाढलेल्या, 1914 साली बी. ए. झालेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या संगतीत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. त्या दोघांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1936 साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. इटलीच्या मॉण्टेसोरीबाईंची पद्धत त्यांनी आपल्या मुलांच्या अंगी बसेल अशी करून घेतली होती. परंतु ही शाळा शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांपुरतीच राहते, खेड्यातल्या गरिबाच्या पोराला तिचा काय उपयोग, ही रुखरुख त्यांना लागून राहिली होती. खेड्यात जाऊन नव्याने सुरुवात करायची असे त्यांनी ठरवले, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांना सोबतीला माणूस हवे होते. अनुताई पस्तिशीच्या होत्या. त्यांनी बारा वर्षांची पुण्याची नोकरी सोडली आणि त्या ताराबाईंबरोबर निघाल्या.

भगिनींनो, मी येथे जरा थांबते. पस्तिशीची एकटी बाई, मागे आधार नाही, पुढे मुलाबाळांचे छत्र नाही. तिच्यासारखीने बांधलेली नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला चांगले समजते. म्हातारपणी कोण पाहील हा प्रश्न बाईच्या मनात कधी झोपत नाही. अनुताईंच्या मनातही तो आला असेलच. पण त्या गेल्या, आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे परत फिरल्या नाहीत.

1945 च्या अखेरीस त्या दोघींनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी काम सुरू केले. बोर्डी समुद्रकाठी आहे. आजूबाजूला चिकूच्या वाड्या. हा भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. त्याच 1945 साली त्या मुलखात वारली लोकांचा लढा पेटला होता. सावकार आणि जमीनदार त्यांच्याकडून वेठबिगारी करून घेत. त्याविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव परुळेकर वारल्यांच्या बाजूने उभे राहिले होते. अशा दिवसांत या दोन बाया लहान मुलांची शाळा काढायला तेथे उतरल्या.

गावात जागा घेतली, बालवाडी मांडली. पण गावातली सगळी मुले काही येईनात. दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. त्यांना कोणी हाताला धरून अडवले नव्हते, पण गावाच्या मध्यावर असलेल्या त्या घरात आपण जायचे नसते, हे त्या चिमुकल्यांना आणि त्यांच्या आयांना न सांगताच माहीत होते. घरी बोलावूनही जे येत नाहीत त्यांचे काय करायचे? आपण बहुधा असे म्हणून मोकळ्या होतो की त्यांनाच गरज नाही, त्याला आपण तरी काय करणार. ताराबाई आणि अनुताई तसे म्हणाल्या नाहीत. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या दारी जायचे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एका अंगणात त्यांनी आपला पसारा नेऊन मांडला. वाडीची बालवाडी आणि अंगणातली अंगणवाडी. शब्द जन्मला तो असा.

त्या अंगणात काय चाले तेही पाहण्यासारखे आहे. आधी स्वच्छता. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, दात घासायला शिकवायचे. हे सगळे आयांच्या डोळ्यांदेखत चाले. त्यामुळे शिकत फक्त मूल नसे, त्याची आईही शिके. मग खेळ, गाणी, गोष्टी. मॉण्टेसोरीबाईंच्या पद्धतीतली साधने महागडी, ती खेड्यात आणायची कोठून? म्हणून त्यांनी शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, फुले आणि माती यांचीच साधने केली. लहान-मोठे ओळखायचे ते शिंपल्यांवरून. मोजायचे ते चिंचोक्यांनी. रंग ओळखायचे ते फुलांवरून आणि पाने जुळवायची ती आकारावरून. पैसा लागला नाही आणि मुलांना ती साधने परकीही वाटली नाहीत, कारण ती त्यांच्याच परसातली होती. योजना आखण्यात ताराबाईंचा हात मोठा होता. ती रोजच्या रोज अंगणात उतरवून दाखवण्याचे काम अनुताईंचे होते. ज्या घरात एक सासू बेत ठरवते आणि एक सून तो चुलीवर चढवते, त्या घरातल्या आपण. दोन्ही कामांची किंमत आपल्याला कळते.

पुढे 1957 च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. टेकडीच्या आसपास वारल्यांचे पाडे. येथे अडचण निराळी होती. मुले शाळेत यायला घाबरत होती असे नाही, त्यांना वेळच नव्हता. सात-आठ वर्षांची पोर घरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असे, कारण आई-बाप मजुरीला गेलेले. मुलगे गुरे घेऊन रानात जात. हे समजल्यावर पटावर नाव नाही म्हणून मुलाला आणि शहाणपण नाही म्हणून आई-बापाला दोष देणे अनुताईंना जमले नाही. त्यांनी अडचणीवरच उपाय शोधला.

भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्यांनी तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा ही सगळी एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी असे नाव दिले. मुलीने धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण शेजारच्या वर्गात जाऊन बसावे. मध्येच जीव राहिला नाही तर उठून त्याला पाहून यावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच, झाडाखाली, शिक्षकाने जायचे. ढोरांवर एक डोळा आणि पाटीवर एक डोळा ठेवून मुले शिकत.

या दोन गोष्टी मी वाचल्या तेव्हा मला फार नवल वाटले. त्यात न समजण्यासारखे काही नव्हते, नवल वाटले ते त्यांच्या साधेपणाचे. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे सुचले असते. कडेवर मूल असलेल्या पोरीला मोकळे करायचे तर आधी ते मूल कोठेतरी ठेवायला हवे, हे सांगायला पंडित लागत नाही. मात्र ते सुचायला त्या पोरीच्या जागी आपण आहोत असे वाटावे लागते. शाळेच्या खुर्चीत बसून ते वाटत नाही.

अनुताई फक्त मुलांना शिकवून थांबल्या नाहीत. खेड्यात काम करतील अशा बालसेविका तयार करण्याचे काम बोर्डीत आणि कोसबाडला वर्षानुवर्षे चालले. त्यातून गावोगावच्या मुली आणि बायका शिकून गेल्या. बालशिक्षणाची शिक्षणपत्रिका आणि स्त्रियांसाठीचे सावित्री या मासिकांचे संपादन त्यांनी केले. मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी पुस्तके लिहिली. कोसबाडच्या टेकडीवरून या नावाने आत्मचरित्रही लिहिले.

31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई गेल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सोबत सुटली. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आपण त्या वयात सुनांच्या हाती किल्ल्या देतो. अनुताईंनी मात्र संस्थेचा सगळा भार आपल्या शिरावर घेतला. पुढे 1982 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, श्री. रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली आणि डहाणू तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर पुन्हा नव्याने शाळांचे काम मांडले. 1985 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. 27 सप्टेंबर 1992 रोजी, बयाऐंशी वर्षांच्या होऊन, त्या गेल्या.

त्यांच्या हयातीतच आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी देशात तिचे 33 प्रकल्प होते. लहान मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळेआधीचे शिक्षण आणि आयांना आहार व आरोग्याची माहिती, हे सगळे एका ठिकाणी मिळावे अशी ती योजना. त्या ठिकाणाला नाव मिळाले ते अंगणवाडी. आज देशभरात 13 लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बंगालीत, तमिळीत, पंजाबीत बोलणारी आईसुद्धा आपल्या मुलाला अंगणवाडीत सोडून येते. आपल्या मराठी अंगणातला शब्द साऱ्या देशाने घेतला, हे वाचून कोणाही मराठी बाईला आनंद होईल.

परंतु आनंदाबरोबर एक विचारही मनात येतो. बोर्डीत अंगणवाडी सुरू झाली ती कारण मुले येत नव्हती म्हणून. आज अंगणवाडीला आपली खोली आहे, पट आहे, वेळ आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीच्या ताई मनापासून काम करतात, ते मी रोज पाहते. तरीही जी मुले त्या खोलीपर्यंत पोचत नाहीत ती कोठे आहेत, हा बोर्डीचा जुना प्रश्न अजून मिटलेला नाही. आपल्याकडे तो गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांवर आहे.

दिवाळी झाली की भट्ट्यांवर माणसे येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांची लहान मुले दिवसभर मातीत असतात. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन विटांच्या ओळींतून हिंडतात. अंगणवाडी तेथून दूर. दुपारी देवळाच्या सभामंडपात आपल्या मंडळाचा बालवर्ग भरतो, त्यालाही ती येत नाहीत. मागच्या बैठकीत यावर बोलणे झाले तेव्हा, आपण निरोप पाठवला होता, ती येत नाहीत त्याला काय करायचे, असे काही जणींचे मत पडले. काही जणींना वाटले की चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मुलांवर कष्ट घेऊन काय उपयोग, ती निघूनच जाणार. दोन्ही मते मला कळतात. घरची कामे सांभाळून मंडळाचे काम करणाऱ्या आपण, कोणाच्याही गाठीला फावला वेळ नाही.

तरी अनुताईंचे आयुष्य वाचल्यावर मला असे सुचवावेसे वाटते. यंदा वर्धापनदिनाची शिल्लक मंडपाच्या रंगाला लावायच्या आधी आपण हा एक प्रयोग करून पाहू. चौघींनी मिळून, आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तासभर भट्टीवर जायचे. तेथे पिंपळाखाली बसायला जागा आहे. मालकाला आधी विचारायचे आणि आयांना त्याहून आधी. बरोबर एक चटई, साबण, फणी, नखे काढायची कात्री आणि पिशवीभर चिंचोके न्यायचे. त्याला खर्च फारसा नाही. धाकट्या भावंडांना चौघींपैकी दोघींनी सांभाळायचे, म्हणजे मोठ्या मुलींचे हात मोकळे होतील. अंगणवाडीच्या ताईंना आधीच सांगून ठेवायचे, म्हणजे मुलांचे वजन आणि लशी राहून जाणार नाहीत. गर्भार बायांची नावेही त्यांच्याकडे द्यायची.

मुले पावसाआधी निघून जातील, हे खरेच आहे. पण जाताना ती दहापर्यंत मोजायला शिकून गेली, हात धुऊन जेवायला शिकून गेली, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल. ते भट्टीवर राहत नाही. बोर्डीच्या त्या अंगणात पहिल्या दिवशी किती मुले बसली असतील? मूठभरच असतील. त्यांतल्या कोणाचेही नाव आपल्याला माहीत नाही. पण त्या मूठभरांसाठी दोन बाया उठून वस्तीत गेल्या, म्हणून आज आपल्या गावात अंगणवाडी आहे.

आपल्यापैकी कोणाला ताराबाईंसारखे शिक्षण नाही आणि अनुताईंसारखे सगळे आयुष्य देण्याची मोकळीकही नाही. आपल्याला नवरा, मुले, सासू-सासरे आहेत आणि ते असावेतच. पण आठवड्यातले दोन तास आपल्याजवळ निघतील. मूल न्हाऊ कसे घालावे, रडते पोर कसे गप्प करावे, चार चिंचोक्यांत खेळ कसा मांडावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अनुताईंनी ज्या विद्येवर काम सुरू केले तीतली निम्मी विद्या आपल्या घरातच आहे. उरलेली निम्मी त्या शिकत गेल्या, आपणही शिकू.

येत्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्या भगिनींना यायची इच्छा असेल त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. चौघी झाल्या की दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी आपण निघू.